सोमेलिएंचा द्राक्षबाग-दौरा

सोमेलिएंचा द्राक्षबाग-दौरा : हॉटेल-रेस्टॉरंटांत वाइनची निवड, साठवण व वाढप सांभाळणाऱ्या व्यावसायिकांनी (सोमेलिए) एखाद्या प्रदेशातील द्राक्षबागा आणि वायनऱ्या पाहून तेथील वाइननिर्मिती समजून घेण्याची पद्धत. महाराष्ट्रात यासाठी प्रामुख्याने नाशिक जिल्ह्यातील गंगापूर धरणाचा परिसर, दिंडोरी, निफाड व इगतपुरी हे भाग येतात. त्याखालोखाल सोलापूर जिल्ह्यातील अकलूज.

‘सोमेलिए’ हा शब्द फ्रेंच असून त्याचे मूळ ओझ्याच्या जनावराशी जाऊन पोचते. याविषयी एकमत आहे. मतभेद आहेत ते वाटेविषयी. एका मतानुसार जुन्या फ्रेंचमधील ‘सोमिए’ (भारवाही जनावर) यावरून ‘सोमेरिए’ झाला आणि दोन ‘र’कारांपैकी पहिल्याचा ‘ल’ होऊन आजचे रूप आले. दुसऱ्या मतानुसार तो दक्षिणेकडील प्रोव्हान्साल बोलीतील जनावरे हाकणाऱ्याच्या नावावरून उत्तरेत गेला. दोन्ही वाटा शेवटी ‘साग्मा’ (खोगीर) या उत्तरकालीन लॅटिन व त्याआधीच्या ग्रीक शब्दाकडेच जातात. पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. लॅटिन ‘पेरेग्रिनुस’चे फ्रेंचमध्ये ‘पेलरँ’ (यात्रेकरू) होताना हाच वर्णबदल घडला आहे. मराठीतही ‘लाङ्गल’चा ‘नांगर’ होताना दोन ‘ल’कार टिकले नाहीत. राजाचे सामान वाहून नेणारा, मग कोठीवरचा अधिकारी, मग पेयांचा प्रमुख असा अर्थ सरकत गेला. केवळ वाइनपुरता अर्थ बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, पॅरिसमधील रेस्टॉरंटांबरोबर स्थिरावला. 1969 मध्ये फ्रान्समध्ये सोमेलिएंची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. लंडनमधील पहिली मास्टर सोमेलिए परीक्षाही त्याच वर्षीची.

महाराष्ट्रातील आधुनिक वाइनची सुरुवात पुष्कळदा नाशिकच्या सुला वायनरीपासून (पहिली वाइन 2000) सांगितली जाते. मात्र पुणे जिल्ह्यात नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी फ्रेंच तांत्रिक साहाय्याने 1980 च्या दशकातच फसफसणारी वाइन तयार केली होती. प्रारंभाचा मान तिकडे जातो. 2001 च्या राज्याच्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर वायनऱ्या झपाट्याने वाढल्या. विंचूर (जि. नाशिक) व पलूस (जि. सांगली) येथील वाइन पार्क, म्हणजे वायनऱ्यांसाठीच्या औद्योगिक वसाहती, त्याच काळातील. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला 2010 च्या सुमारास भौगोलिक निर्देशन (जीआय; उगमस्थानाशी जोडलेल्या नावाला कायदेशीर संरक्षण) मिळाले.

दौऱ्यात शिकण्याजोगी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे इथल्या वेलीचे वेळापत्रक. सोमेलिएचे शिक्षण बहुतांशी युरोपीय ग्रंथांवर होते. तिथे वेल हिवाळ्यात झोपते, उन्हाळ्यात फळ धरते आणि थंडीकडे झुकणाऱ्या ऋतूत पिकते. नाशिकला वेल झोपतच नाही, म्हणून तिची छाटणी वर्षातून दोनदा करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. त्या छाटणीनंतर फुटलेल्या काड्यांच्या डोळ्यांत घडांची बीजे तयार होतात. पावसाळा ओसरताना गोडी छाटणी होते आणि त्याच काड्यांवर घड येतात. छाटण्या दोन, पीक एकच. तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. पिकण्याचा प्रवास अशा रीतीने थंडीतून उष्णतेकडे होतो. साखर भरभर चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. तोडणी चार दिवस लांबली तरी सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनचा तजेला जातो. लेबलवरचे साल (म्हणजे तोडणीचे साल) वाचतानाही हे लक्षात ठेवावे लागते: एकाच सालाची नाशिकची वाइन फ्रान्सच्या वाइनपेक्षा अर्ध्या वर्षाहून अधिक आधी तोडलेल्या फळाची असते.

बहुतेक दौरे तोडणीच्या हंगामात ठेवले जातात, आणि ते साहजिकच आहे. ऊन चढण्यापूर्वी घड क्रेटमध्ये पडत असतात. वाइनकर्ता मणी चिरडून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर घेतो, साखरेचा आकडा वाचतो आणि मग बी दाताखाली फोडतो. बी तपकिरी होऊन कुरकुरीत फुटली तर शिराझ (लाल वाइनच्या द्राक्षांची एक जात) पिकली, हिरवी व चिवट लागली तर अजून थांबायचे. पाहुण्यांच्या हातावरही तो तेच मणी ठेवतो. तरीही गोडी छाटणीच्या वेळचा दौरा अधिक शिकवतो. त्या दिवसांत केवडा आणि भुरी या रोगांशी बागायतदाराची झुंज सुरू असते. ढग दिसला की फवारणीची धावपळ होते. अवकाळी पावसाने मेहनत कशी वाया जाते, हे तेव्हाच उमगते. वाइनची किंमत ग्राहकाला समजावून सांगणाऱ्याने एकदा तरी हे पाहिलेच पाहिजे.

वायनरीत दाबयंत्र, स्टीलच्या थंड टाक्या व ओकची पिंपे दाखवली जातात. टाकीच्या नळातून घेतलेली गढूळ, यीस्टचा वास असलेली कोवळी शेनें ब्लां (एक पांढरी वाइन) आणि तिचीच बाटलीबंद वाइन शेजारी शेजारी चाखणे हा नेहमीचा पाठ. नशा चढू नये म्हणून चाखून थुंकण्याची रीत इथेही पाळतात.

अकलूजकडे फ्रातेली वायनरीने इटलीची सांजोव्हेझे ही जात लावली आहे. नाशिकहून उष्ण व कोरड्या मुलखात तिची चव कशी बदलते, हे पाहण्यासाठी हा फेरा स्वतंत्रपणे करतात.