ॲल्युमिनियमवरची साय आणि गॅरेजात घडवलेला इंटरकूलर

निपाणीजवळचा तवंदी घाट चढताना टर्बो डिझेल गाडी दमायला लागली, मागून काळा धूर आणि बॉनेटखालून फुस्स आवाज येऊ लागला, तर इंजिनाला हात लावण्याआधी इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबताना तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा डबा, पाहावा. बऱ्याच गाड्यांत त्याच्या दोन्ही टोकांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात आणि ॲल्युमिनियमच्या कोअरवर (मधल्या जाळीदार गाभ्यावर) पत्र्याचे दात दाबून बसवलेल्या असतात. वर्षानुवर्षं तापून-निवून हा सांधा सैल होतो. टर्बोने दाबलेली हवा तिथून निसटते, डिझेल मात्र जवळपास तेवढंच पडत राहतं. धूर त्याचाच.

प्लॅस्टिकच्या टाक्यांचा नाद सोडून अख्खा ॲल्युमिनियमचा इंटरकूलर बनवून घेता येतो. पत्रा कापणं, वाकवणं, पाइपाला गोलाई देणं ही कामं बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छ्याला सहज होतात. अडतं ते आर्गन वेल्डिंगपाशी, म्हणजे आर्गन वायूच्या आडोशाने टंगस्टनच्या इलेक्ट्रोडमधून विजेचा चाप (आर्क) पेटवून धातू जोडण्यापाशी.

आधी हा डबा करतो काय ते पाहू. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, त्यामुळे इथे हवेचा दाब सुमारे ०.९३ बार. त्यावर टर्बोने १ बार चढवला की हवा २.०८ पट दाबली जाते. बाहेर ३० अंश सेल्सिअस असेल आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा १३० अंशांच्या आसपास असते. चोर्ला उतरून गोव्याच्या किनाऱ्यावर गेलात तर तेवढ्याच बूस्टला, म्हणजे टर्बोने चढवलेल्या दाबाला, ती सहा-सात अंशांनी कमी तापेल. मधल्या १०० अंशांतले ७० इंटरकूलरने काढले, तर इंजिनात ६० अंशांची हवा जाते आणि तेवढ्याच जागेत २० टक्के जास्त हवा मावते. पण कोअरमधून जाताना ०.१ बार दाब हरवला, तर या वीस टक्क्यांतले पाच-सहा परत गेले. म्हणून ‘जेवढा मोठा तेवढा चांगला’ हा हिशोब इथे लागू पडत नाही.

कोअर दोन जातींचे. चपट्या नळ्या आणि पन्हळी पत्र्याचा ‘ट्यूब-अँड-फिन’ हलका असतो, पण त्याच्या नळ्यांची भिंत इतकी पातळ की नवख्या हाताने तिथे हमखास भोक पडतं. जाड पट्ट्या आणि पत्रे एकावर एक रचलेला ‘बार-अँड-प्लेट’ जड असतो, पण वेल्डिंगला कडेची जाड पट्टी मिळते. पहिल्या कामाला हाच घ्यावा, आणि नवाच. भंगारातल्या कोअरमध्ये टर्बोचं तेल मुरलेलं असतं. कितीही धुतला तरी वेल्ड तापला की ते उकळून वर येतं आणि सांध्यात काळे फुगे पडतात.

टाकीसाठी ३ मिमी पत्रा, ५०५२ किंवा ३००३ मिश्रधातूचा. ६०६१-टी६ (उष्णता देऊन कडक केलेला) काटकोनात वाकवला की कोपऱ्यावर तडकतो. पाइप ६३ मिमी व्यासाचा, २ मिमी जाडीचा. दुकानात ‘एचई-९’ मागितलं तर ६०६३ मिळतं, ‘एचई-३०’ म्हणजे ६०८२, दोन्ही चालतात. ‘एचई-१५’ मात्र घेऊ नये. ते तांबं असलेलं २०१४, आर्गनने जोडलं की थंड होतानाच चिरतं. टाकी पाइपाच्या तोंडाशी खोल आणि पलीकडच्या टोकाला उथळ ठेवावी, म्हणजे हवा सगळ्या नळ्यांत वाटली जाते. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून गाडीत लावून पाहावा. बंपरच्या आतला लोखंडी बार आणि पंख्याचं कवच हे दोघं मोजमापात हमखास विसरले जातात.

आता मूळ भांडण. बेळगावच्या उत्तरेला हिंडाल्कोचा कारखाना बॉक्साइटपासून जी पांढरी पूड काढतो ती अ‍ॅल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. उघड्या हवेत ॲल्युमिनियमच्या प्रत्येक तुकड्यावर याच पदार्थाचा थर बसतो, काही नॅनोमीटर जाडीचा. धातू ६६० अंशांना वितळतो, हा थर वितळायला २०७२ अंश लागतात. म्हणजे खाली दूध उकळत असतं आणि वरची साय तशीच ताठ. नवखा वेल्डर ती फुटेना म्हणून करंट वाढवतो आणि एकदम खालचं सगळं भगदाड पडून कोसळतं.

ही साय वीजच फोडते, पण फक्त इलेक्ट्रोड धन असताना. तेव्हा इलेक्ट्रॉन कामाच्या पृष्ठभागातून बाहेर पडतात आणि थर उधळतो. मात्र त्या वेळी बरीचशी उष्णता टंगस्टनकडे जाते, त्याची टोकं वितळू लागतात. इलेक्ट्रोड ऋण असताना उष्णता कामात शिरते, पण साय जागची हलत नाही. दोन्ही हवं, म्हणून दिशा सतत उलटणारी एसी वीज. बाजारात ‘टिग’ (आर्गन वेल्डिंगचंच दुसरं नाव) म्हणून स्वस्तात मिळणारी बरीच इन्व्हर्टर मशीनं फक्त डीसी, म्हणजे एकाच दिशेच्या विजेची, असतात. स्टेनलेसचा कठडा ती झकास जोडतील, ॲल्युमिनियम नाही. पेटीवर स्पष्ट ‘एसी/डीसी’ लिहिलेलं पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. सर्वात जास्त फसगत इथेच होते.

एसी आहे म्हटल्यावर आणखी चार गोष्टी पाहाव्यात: टंगस्टन न टेकवता चाप पेटवणारी हाय फ्रिक्वेन्सी, बॅलन्स (ऋण आणि धन वेळेची वाटणी), एसी फ्रिक्वेन्सी आणि करंट कमी-जास्त करणारं पायाचं पेडल. बॅलन्स ऋण बाजूला ७० टक्क्यांच्या आसपास, फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झ, ही सुरुवात. वितळलेल्या डबक्यात काळे ठिपके तरंगले तर साफसफाई कमी पडते, टंगस्टनचं टोक गोळा होत गेलं तर जास्त होते. करंटचा अंदाज मिलिमीटरला ४० अँपिअर, म्हणजे ३ मिमी पत्र्याला १२०. पण पत्रा कोअरच्या जाड पट्टीला जोडताना १६०-१८० लागतात, कारण ती पट्टी उष्णता पिते. त्यामुळे २०० अँपिअरचं मशीन. त्याच्या पाटीवर ‘३५ टक्के’ लिहिलं असेल तर पूर्ण करंटवर दहा मिनिटांत साडेतीनच मिनिटं काम.

आणि वीज. २०० अँपिअरला चाप साधारण १८ व्होल्टचा, म्हणजे ३.६ किलोवॉट. मशीनची कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर धरून २३० व्होल्टला २८ अँपिअरच्या घरात खेच. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे जमणार नाही. ३२ अँपिअरचा एमसीबी, ६ चौरस मिमीची तांब्याची स्वतंत्र केबल, चांगलं अर्थिंग आणि हेस्कॉमकडे (इथली वीज कंपनी) मंजूर भार तपासून घेणं, हे मशीनच्या किमतीत धरावं.

टंगस्टन २.४ मिमीचा, लँथनमवाला (निळं किंवा सोनेरी टोक). लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, घासताना त्याची किरणोत्सारी धूळ उडते. तो कशाला घ्यायचा? आर्गन शुद्ध, मिनिटाला ८ लिटर. ७ घनमीटरचा सिलिंडर या हिशोबाने चौदा तास चाप पुरवतो. फिलर, म्हणजे सांध्यात वितळवायची काडी, ४०४३ची, त्यात ५ टक्के सिलिकॉन. ५३५६ जास्त मजबूत, पण त्यात मॅग्नेशियम भरपूर, आणि सतत ६५ अंशांवर राहणाऱ्या भागात ते कालांतराने तडे देऊ शकतं. इंटरकूलरची गरम बाजू याहून कितीतरी वर असते.

साफसफाईचा क्रम चुकवू नये. आधी ॲसिटोनने पुसणं, मग फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेला स्टेनलेस ब्रश. उलट केलं तर ब्रश तेलच धातूत चोळतो. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर अजिबात नको. चापाच्या अतिनील किरणांत त्यातून फॉस्जीन तयार होतो, आणि तो जीवघेणा आहे. पावसाळ्यात, विशेषतः खानापूर-कणकुंबी पट्ट्यात, आणखी एक शत्रू असतो: ओल. वितळलेलं ॲल्युमिनियम ओलीतला हायड्रोजन भरपूर विरघळवून घेतं, घट्ट होताना तो बाहेर टाकतं, आणि सांध्याची जाळी होते. काड्या बंद नळीत ठेवाव्यात आणि काम ७०-८० अंशांपर्यंत कोमट करून घ्यावं. पंखा मात्र सांध्याकडे नको, आर्गन उडून जातो.

टाकी बसवून दर २५-३० मिमीवर टाके (छोटे ठिपक्यासारखे वेल्ड) मारावेत, समोरासमोरच्या बाजूंनी. मग टॉर्चचा रोख जास्त करून जाड पट्टीकडे ठेवून एका वेळी ४०-५० मिमीच वेल्ड, आणि थांबणं. थांबायचं कारण असं की कोअरच्या आतले पत्रे सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचा मसाला वितळवून जोडलेले (ब्रेझ केलेले) असतात आणि तो मसाला ५७७ अंशांनाच पाघळू लागतो. घाईने एक बाजू सलग ओढली तर बाहेरचा वेल्ड देखणा दिसतो, आतला सांधा सुटलेला असतो. तो पुन्हा जोडता येत नाही, कोअर गेला. शेवटी पेडल एकदम सोडू नये. करंट हळूहळू उतरवत वेल्डच्या शेवटच्या खळग्यात काडीचा आणखी एक थेंब द्यावा, नाहीतर त्याच खळग्यातून चीर निघते. ६०६१ किंवा ६०६३ नुसतं वितळवून, काडी न घालता जोडू नये, तेही चिरतं.

पाइपाच्या टोकाला बीड (कडेचा उंचवटा) नसेल तर रबरी होज बूस्टला सटकते.

चाचणीसाठी दोन्ही तोंडांवर रबरी टोप्या क्लिपने आवळून इंटरकूलर पाण्याच्या पिंपात बुडवावा आणि रेग्युलेटरमधून २ बारपर्यंत हळूहळू हवा द्यावी. ६३ मिमी तोंडावर एवढ्या दाबाला ६० किलोहून जास्त जोर येतो. टोपी सुटली तर बंदुकीच्या गोळीसारखी जाते, तेव्हा तोंडासमोर कुणी उभं राहू नये. बुडबुडे जिथे दिसतील तिथे खूण करून, सांधा खोदून, पुन्हा साफ करून वेल्ड. नुसती वरून लिंपलेली गळती महिन्याभरात परत येते.

गाडीत बसवताना ब्रॅकेटना रबरी बुश हवेत, कारण वेल्डशेजारचा टी६ धातू मऊ पडलेला असतो आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी तिथेच तुटतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेपासून दूर जाणाऱ्या बदलांना आडकाठी करतं, त्यामुळे मूळ जागी, मूळ मापाचा बसवणं कधीही सोयीचं. बसवण्याआधी आतून साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुऊन हवेने पूर्ण सुकवावा. करवतीचा एक बारीक कीस इंजिनात गेला तर त्याची किंमत मशीन, सिलिंडर आणि कोअर या तिघांहून जास्त पडू शकते.