अंदमानला येताय? मग ‘जेवून चारला निघू’ एवढं विसरा

आमच्याकडे अंदमानच्या सहलीची चौकशी करायला येणाऱ्यांना सेल्युलर जेल म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कुणी धड्यात वाचलेलं असतं, कुणाचे शेजारी जाऊन आलेले असतात. हे पत्रक छापलं ते वेगळ्याच कारणासाठी. सहलीच्या दर तुकडीत तोच वाद होतो. सकाळी, “पैसे भरून साडेसहाला उठायचं का?” आणि दुपारी, “जरा पाठ टेकू, चारला निघू.” सकाळचा वाद चहावर मिटतो. दुपारच्या ‘चारला’ पायी मात्र अख्खा दिवस बुडतो.

घड्याळ देशभर एकच आहे, सूर्य तसा नाही. छत्रपती संभाजीनगर साधारण ७५ रेखांशावर, पोर्ट ब्लेअर ९३ च्या जवळ. एका रेखांशाला चार मिनिटं धरा; तिथला सूर्य आपल्यापेक्षा सुमारे सत्तर मिनिटं पुढे पळतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवस मावळतो पावणेसहानंतर, तिथे पाचच्या सुमारास. उजाडतंही साडेपाचलाच, तेव्हा जालना-परभणीत गुडुप अंधार असतो. मे महिन्यात तर पाचच्या आत फटफटतं. म्हणजे तुम्ही चारला चपला घालता तेव्हा तिथलं ऊन आपल्या सव्वापाचचं असतं. जेलचं दार पाचच्या आत बंद होतं, तिकीट खिडकी त्याच्याही आधी. मधे दुपारी जेवणाची सुट्टी असते, त्यामुळे सव्वाबाराला पोचलेल्यांनाही अर्धवट बघून बाहेर यावं लागतं. जवळच्या रॉस बेटाच्या बोटी दुपारनंतर मिळतीलच असं नाही. म्हणून आमची गाडी सकाळी साडेसातला हॉटेलच्या दारातून हलते. उठवणं आम्हालाही गोड वाटत नाही. पण दुपारची झोप हवी तर ती सकाळ कामी लावूनच मिळते.

जेलला आम्ही अडीच तास धरतो. “पाऊण तासात होतं की” असं म्हणणारे भेटतात. होतं, फोटो काढून परत यायचं असेल तर. इमारत १८९६ ते १९०६ या काळात बांधली. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली ओळी. आज त्यांतल्या तीनच उभ्या आहेत. प्रत्येक ओळीचं तोंड पुढच्या ओळीच्या पाठीकडे, म्हणजे कुणाला कुणाचं तोंड दिसू नये. हे मनोऱ्याच्या गच्चीवरून लगेच कळतं, खाली उभं राहून कळत नाही. म्हणून आधी वर जा, मग कोठड्या बघा.

कोठडी साधारण साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. झरोका इतका उंच की हात पोचत नाही. आत गेल्यावर गजांतून हात बाहेर काढा आणि कडी शोधा. सापडणार नाही. आडणा दारापासून दूर भिंतीतल्या खोबणीत जाऊन बसतो, आणि कुलूपही तिथेच. आमच्या माणसाला सांगा, तो कडी लावून दाखवतो. दोन मिनिटांत कोठडी म्हणजे काय ते अंगावर येतं. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे आणि तिथे जिन्यानेच जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या काका-मावशींनी सकाळच्या गारव्यातच हा जिना उरकावा. भर दुपारी त्या दमट हवेत तिसरा मजला म्हणजे शिक्षाच.

अंगणात घाण्याची प्रतिकृती आहे. बैलाच्या जागी माणूस जुंपायचा आणि दिवसाला तीस पौंड, म्हणजे साधारण साडेतेरा किलो खोबरेल काढून घ्यायचं. लातूर-धाराशिवकडचे गिऱ्हाईक तिथे बराच वेळ थांबतात. घाणा फिरवायला किती जोर लागतो हे त्यांना सांगावं लागत नाही.

मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर प्रांतवार नावं कोरलेली आहेत. मराठवाड्यातली माणसं मुंबई प्रांताच्या यादीत आपलं गाव शोधतात आणि हिरमुसतात. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, हे ध्यानात ठेवून शोधा. आणखी एक गल्लत नेहमी होते: १८५७ च्या उठावातले कैदी या जेलमध्ये नव्हते, तेव्हा ही इमारतच नव्हती. पहिले दोनशे कैदी १० मार्च १८५८ ला आले ते उघड्या रानात. हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीवर चाल करून गेलेले मौलवी अल्लाउद्दीन अंदमानात आले तेही जेल बांधण्याच्या कितीतरी आधी. समोरच्या बागेत सहा पुतळे आहेत: इंदुभूषण रॉय, बाबा भानसिंग, पंडित रामरखा, महावीरसिंग, मोहन किशोर नामदास, मोहित मोइत्रा. सगळ्यांचा मृत्यू याच तुरुंगात झाला. आमची गाडी बागेपाशीच उभी असते, एक चक्कर माराच.

ध्वनिप्रकाश कार्यक्रम अंधार पडल्यावर, जेलच्या अंगणात. हिंदी आणि इंग्रजी खेळ असतात, मराठी नाही. जागा मोजक्या, म्हणून तिकीट आम्ही इथूनच काढतो. तिथे जाऊन बघू म्हणणाऱ्यांना बाहेरच्या भिंतीवरून आवाज ऐकत बसावं लागतं. डास चावतात, बाह्यांचे कपडे घाला. हा कार्यक्रम पोचल्या दिवशी संध्याकाळी ठेवतो आणि जेल दुसऱ्या दिवशी सकाळी. उलटं केलेलं आम्हाला पटत नाही: गोष्ट आधी ऐकली की सकाळी प्रत्येक जागा ओळखीची वाटते.

रॉस बेटाला आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात. २०१८ च्या ३० डिसेंबरला नावं बदलली. हॅवलॉक झालं स्वराज द्वीप, नील झालं शहीद द्वीप. सप्टेंबर २०२४ पासून पोर्ट ब्लेअरही श्रीविजयपुरम झालं. बोटीच्या तिकिटावर एक नाव, दुकानाच्या पाटीवर दुसरं, टॅक्सीवाल्याच्या तोंडी तिसरं. गोंधळू नका. इंग्रजांचा कारभार १८५८ पासून रॉसवरून चालायचा. २६ जून १९४१ च्या भूकंपाने बेट हादरलं, पुढच्या वर्षी जपानी आले. आज चर्च, बेकरी, छापखाना यांच्या भिंती झाडांच्या मुळ्यांनी धरून ठेवलेल्या आहेत, मधे हरणं फिरतात. हरणांना बिस्किटं चारू नका. बोट अॅबरडीन जेट्टीवरून सुटते, दहा-पंधरा मिनिटांत पोचते. बुधवारी हे बेट बंद असतं, म्हणून आमच्या कार्यक्रमात बुधवार कधी रॉसला येत नाही. तुमचा स्वतःचा आराखडा असेल तर आधी कॅलेंडर बघा, मग विमान.

दुसऱ्या महायुद्धाच्या खुणा बघायला येणाऱ्यांनी जपानी काळाला अर्धा दिवस राखावा. २३ मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५ एवढा काळ बेटं जपान्यांच्या ताब्यात होती. कॉर्बिन्स कोव्ह किनाऱ्याच्या वाटेवर आणि रॉसवर त्यांचे काँक्रीटचे बंकर अजून आहेत. भिंती जाड, तोफेसाठी फट अरुंद, आत ओल. टॉर्च न्या आणि चप्पल नको, बूट घाला. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ ला तिरंगा फडकवला ते जिमखाना मैदान शहरातच आहे. त्यानंतर महिनाभरात, ३० जानेवारी १९४४ ला, हम्फ्रीगंजला इंडियन इंडिपेंडन्स लीग या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या संघटनेच्या ४४ जणांना जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून गोळ्या घातल्या. तिथे बलिदान वेदी आहे. जागा शहराबाहेर, शांत, फारसं कुणी जात नाही. आम्ही विचारल्याशिवाय नेत नाही, कारण अर्धी गाडी “इथे बघायचं काय” म्हणते. ज्यांना जायचं त्यांनी आधी नाव द्या, चार जण झाले तरी गाडी काढतो. नांदेडची मंडळी गुरुद्वारा विचारतात. शहरात डॉ. दिवाणसिंग यांच्या नावाचा आहे; त्यांना जपान्यांनी सेल्युलर जेलमध्ये छळलं आणि जानेवारी १९४४ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. चॅथमची सरकारी लाकूड गिरणी १८८३ ची, रविवारी बंद.

आता दराचा विषय. “दुसरीकडे एक मुक्काम कमी आणि तेवढेच पैसे कमी” हे आम्हाला माहीत आहे. तो मुक्काम आम्ही जाणूनबुजून ठेवतो. हॅवलॉक-नीलहून परत आल्यावर पोर्ट ब्लेअरमध्ये एक रात्र राहिलंच पाहिजे. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, पावसाळ्यात तर हमखास, कधी थंडीतही. सकाळी बोटीने येऊन दुपारचं विमान पकडायचा बेत कागदावर स्वस्त दिसतो; बोट चुकली की नवीन तिकीट त्या एका मुक्कामापेक्षा कितीतरी महाग पडतं. याच कारणाने जेल आणि रॉस आम्ही सुरुवातीला उरकतो, शेवटावर टाकत नाही.

जायचं कसं, तर मराठवाड्यातून मुंबईला उलटं जायची गरज नाही. अजिंठा एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी हैदराबाद, तिथे एक मुक्काम आणि पहाटे विमानाने पोर्ट ब्लेअर. थेट विमान न मिळाल्यास चेन्नईमार्गे.

सामानात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेटकूट खुशाल घ्या, चटणी मोठ्या बॅगेत. सुकं खोबरं मात्र काढून ठेवा, अगदी ओटीचं असलं तरी. तेलकट आणि पेट घेणारं म्हणून विमानात चालत नाही आणि बॅग उघडायला लावतात, त्यात रांग चुकते. येताना किनाऱ्यावरचं प्रवाळ किंवा शंख उचलून आणू नका. कायद्याने बंदी आहे, विमानतळावर तपासतात.

आधारकार्ड मूळ हवं, झेरॉक्स नाही. बोटीच्या जेट्टीवरही लागतं, लहान मुलांचंही. तिकिटावरचं नाव आधारवर असेल तसंच. लग्नाआधीचं आडनाव आधारवर आणि लग्नानंतरचं आम्हाला सांगितलेलं, असं दर तुकडीत एकदा तरी होतंच. म्हणून आम्ही नाव तोंडी लिहून घेत नाही, आधारचा फोटो मागतो. फोटो पाठवल्याशिवाय विमान बुक करत नाही, कितीही घाई असो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या तुकड्यांसाठी तीन महिने आधी आधार आणि निम्मी रक्कम दिली तर तिकीट बरं मिळतं. कार्यालय रविवारी दुपारपर्यंतच उघडं असतं. इथे मात्र चारला आलात तरी चालेल, सोमवार ते शनिवार.