दिवस गेले म्हणून पंप बंद करू नका

इंदूरच्या मराठी घरांत दमा असलेल्या गर्भवतीला अजून सांगतात, ‘दिवस गेलेत, पंप (इनहेलर) बंद कर, बाळाला बाधेल.’ हे साफ चूक आहे. फवाऱ्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, रक्तात फार थोडं उतरतं. खरा धोका दम उसळून आईचा ऑक्सिजन घटण्याचा: बाळाचं वजन कमी भरतं, वेळेआधी प्रसूती होऊ शकते.

डॉक्टरांनी दिलेला ब्युडेसोनाइडचा (श्वासनलिकेची सूज आवरणारं औषध) रोजचा पंप बरं वाटलं तरी चालू ठेवा. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ नळी) सावकाश ओढा, 10 सेकंद धरा. मग चूळ भरा, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते. देवघरातला धूपही गर्भवतीपासून लांबच बरा.

सॅल्ब्युटामॉलने (दम लागल्यावर लगेच घ्यायचा पंप) आराम पडेना, बोलताना धाप लागली किंवा ऑक्सिजन 95 टक्क्यांखाली गेला, तर मध्यरात्रीसुद्धा दवाखाना गाठा.