शुक्रवारचे 50 कोटी

मराठीत दर महिन्याला 'चलनवाढीचा दर' छापून येतो आणि त्यात चलनाविषयी काहीच नसते. ग्राहकाच्या पिशवीतल्या वस्तूंचे भाव वर्षभरात किती चढले, एवढेच तो आकडा सांगतो. नाव कारणाचे, मोजमाप परिणामाचे. एप्रिल 2022 मध्ये हा दर 7.79 टक्क्यांवर गेला तेव्हा बोलणे झाले ते युक्रेनचे आणि खाद्यतेलाचे. चलन किती वाढले, हे फारसे कुणी विचारले नाही.

स्थिर पैशाची बाजू मांडणारे आज बहुधा 2016 पासून सुरुवात करतात: रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती, व्याजदर ठरवणारी सहा जणांची समिती, चलनवाढीचे 4 टक्क्यांचे लक्ष्य, दोन्हीकडे दोन टक्क्यांची मोकळीक. पण मुख्य भांडण त्याच्या बरेच आधी लढले गेले आणि ते व्याजदराचे नव्हतेच.

त्याहून जुना इतिहास रुपयाच्या बाहेरच्या किमतीचा आहे. 1893 मध्ये टाकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या, म्हणजे चांदी देऊन रुपये पाडून घेता येईनात. पुढे रुपया 16 ब्रिटिश पेन्सांचा की 18 पेन्सांचा यावर मुंबईच्या गिरणीमालकांनी रान उठवले. 1927 मध्ये 18 पेन्स कायम झाले, गिरणीमालक हरले. या लेखाचा विषय मात्र रुपया देशात किती छापावा हा आहे, आणि तो प्रश्न जानेवारी 1955 मध्ये अगदी चोरपावलाने सुटला, किंवा बिघडला म्हणा.

तेव्हा ठरले ते असे. मध्यवर्ती बँकेतल्या, म्हणजे रिझर्व्ह बँकेतल्या, केंद्र सरकारच्या खात्यात शुक्रवारी किमान 50 कोटी रुपये असावेत, इतर दिवशी 4 कोटी. शुक्रवार यासाठी की बँकेचा साप्ताहिक ताळेबंद त्या दिवशीचा असे. शिल्लक कमी पडली तर सरकारच्या नावाने 91 दिवसांची 'ॲड-हॉक' (गरजेपुरती काढलेली) ट्रेझरी बिले, म्हणजे अल्पमुदतीची कर्जपत्रे, निघत, बँक ती आपल्याकडे ठेवी आणि तेवढी रक्कम खात्यात भरी. बाजार नाही, बोली नाही, कुणाची सहीसाठी वाट पाहणे नाही. कायद्यात तीन महिन्यांत फेडायच्या तात्पुरत्या उचलीची तरतूद आधीच होती. ही व्यवस्था तिला वळसा घालून गेली, कारण मुदत संपली की जुन्या बिलाच्या जागी नवे बिल येई.

कामकाजाची सोय, असे तिचे समर्थन होते. पुढच्याच वर्षी दुसरी पंचवार्षिक योजना आली. सार्वजनिक क्षेत्राचा खर्च 4,800 कोटींचा, आणि त्यातले 1,200 कोटी 'तुटीच्या अर्थभरण्यातून' यायचे होते. धरणे, पोलाद, खते हवीच होती, बचत कमी होती, हा युक्तिवाद त्या काळी खोटा नव्हता. पण एवढी मोठी तहान असताना असा नळ बसवला, तर तो कोण बंद करणार होते?

इथे शब्दाचा गुंता येतो, आणि तो सोडवल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. इतर देशांत तुटीचा अर्थभरणा म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त खर्च कर्ज काढून भागवणे. कर्ज लोकांकडून काढले तरी तो शब्द लागू होतो. आपल्याकडे त्याचा अर्थ नवा पैसा निर्माण करून खर्च करणे असा झाला. आणि ती 'तूट' मोजायची कशी? 91 दिवसांची बिले किती वाढली आणि रोख शिल्लक किती घटली, यांची बेरीज म्हणजे अर्थसंकल्पीय तूट. मध्यवर्ती बँकेने सरकारचे दीर्घ मुदतीचे रोखे घेतले तर त्यातूनही नवाच पैसा येतो, पण तो या तुटीत धरला जात नसे. उलट साध्या बँकांनी साठलेल्या पैशातून घेतलेली बिले मात्र धरली जात. म्हणजे संसदेत वाचला जाणारा आकडा एका बाजूने फुगलेला आणि दुसऱ्या बाजूने लपलेला होता. 1985 मध्ये चलनव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या समितीने हे स्पष्ट लिहिले. तरी ती व्याख्या आणखी बारा वर्षे टिकली.

दरम्यान बिलांवरचा दर जुलै 1974 पासून 4.6 टक्क्यांवर खिळवून ठेवला होता. 1974-75 मध्ये घाऊक भाव सुमारे 25 टक्क्यांनी वाढले असताना 4.6! 1982 मध्ये साठलेल्या बिलांपैकी 3,500 कोटींची बिले परतफेडीची तारीखच नसलेल्या खास रोख्यांत बदलली गेली, व्याज तेच. 91 दिवसांचे कर्ज अशा रीतीने बिनमुदतीचे झाले.

याची किंमत दुसरीकडे वसूल झाली. 1972 चा दुष्काळ आणि 1973 चा तेलाचा भडका हे धक्के खरेच होते, मुंबईतल्या बायकांनी लाटणी घेऊन मोर्चे काढले ते उगाच नव्हे. पण जुलै 1974 मध्ये भाव आवरायला अध्यादेश निघाला तो नोकरदारांवर: पगारवाढ सगळी आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीच्या ठेवीत. बँकदर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने पैसे देते तो, 9 टक्क्यांवर गेला. 1975-76 मध्ये घाऊक भाव किंचित उतरले, पण नळ चालूच राहिला. तो चालू ठेवून पाणी उपसायचे, म्हणून बँकांचे हात बांधत नेले. 1990-91 च्या सुमारास बँकेतल्या दर 100 रुपयांच्या ठेवीमागे 15 रुपये रोख राखीव आणि 38.50 रुपये मुख्यतः सरकारी रोख्यांत, अशी सक्ती होती. उरलेल्यात शेती, उद्योग, घर.

1991 च्या परकीय चलनाच्या संकटाने हे थांबवण्याच्या बोलण्याला धार आली. सप्टेंबर 1994 मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात करार झाला: त्या वर्षाअखेर ॲड-हॉक बिलांची निव्वळ वाढ 6,000 कोटींच्या आत, आणि वर्षात कधीही सलग दहा कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ 9,000 कोटींच्या वर नाही. तीन वर्षांत प्रथाच बंद. 1 एप्रिल 1997 पासून ती खरोखर बंद झाली. तिच्या जागी मर्यादेची तात्पुरती उचल आली, पहिल्या सहामाहीला 12,000 कोटी, दुसरीला 8,000. जुन्या व्याख्येची अर्थसंकल्पीय तूटही अर्थसंकल्पातून गेली. माझ्या मते 2016 च्या समितीपेक्षा हा बदल मोठा आहे. सरकारला हवे तेव्हा पैसा मिळणार असेल, तर रेपो दर, म्हणजे ही समिती ठरवते तो व्याजदर, कुणी कितीही ठरवो.

सरकारी तुटीला आवर घालणाऱ्या 2003 च्या कायद्याने पुढचे पाऊल पडले: एप्रिल 2006 पासून मध्यवर्ती बँकेने सरकारचे नवे रोखे थेट सरकारकडून घेणे बंद झाले. 2018 मध्ये अपवादाची वाट ठेवली गेली. कोविडच्या साथीत ती वापरा, नोटा छापा, अशी मागणी जोरात होती. वाट वापरली गेली नाही, पण उचलीची मर्यादा एप्रिल 2020 मध्ये 2 लाख कोटींवर गेली आणि पुढच्या वर्षी बँकेने बाजारातून रोख्यांची खरेदी आधी रक्कम जाहीर करून केली. बाजारातून घेतले की ते वेगळे, हे पटते, पण फरक दिसतो तेवढा जाड नाही. 2022 मध्ये चलनवाढीने सलग तीन तिमाही 6 टक्क्यांची मर्यादा ओलांडली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला सरकारकडे कारणांचे पत्र पाठवावे लागले. ते पत्र तेव्हा लोकांसमोर आले नाही.

त्या 4.6 टक्क्यांच्या बिनमुदती रोख्यांचे पुढे काय झाले, हे सहसा सांगितले जात नाही. 1997 नंतर ते हळूहळू बाजारात विकता येतील अशा रोख्यांत बदलले गेले. 2003 च्या सुमारास डॉलरचा लोंढा आला. बँक डॉलर घेई आणि त्यातून बाहेर पडलेले रुपये परत ओढण्यासाठी रोखे विकी. विकायला होते त्यांत हेच जुने रोखे होते. साठा इतका आटला की एप्रिल 2004 मध्ये फक्त रुपये शोषण्यासाठी सरकारला वेगळे रोखे काढावे लागले, आणि त्यांचे पैसे खर्च न करता वेगळ्या खात्यात बाजूला ठेवावे लागले.