न दिसलेले वाघ मोजायचे कसे?

वाघांचा नवा आकडा आला की चर्चा वाढले की घटले याचीच होते. तो काढला कसा, हे क्वचितच कुणी विचारतं.

ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६०च्या दशकात पाऊलखुणांची पद्धत बसवली. वनरक्षक वाटा तुडवायचे आणि वाघाच्या मागच्या डाव्या पंजाचा ठसा काचेवरून कागदावर उतरवायचे. १९७२च्या पहिल्या देशव्यापी गणनेत याच पद्धतीने १८२७ वाघ भरले; पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पद्धत स्वस्त होती, माणसं हाताशी होती. पण एकच पंजा ओल्या मातीत वेगळा उमटतो आणि धुळीत वेगळा. शिवाय प्रत्येक वाघाचा ठसा सापडतोच, हे गृहीत धरलेलं.

निसटलेल्यांचा हिशेब दुसरीकडे सुटला होता, तोही माशांवरून! डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पीटरसन १८९०च्या दशकात मासे खूण करून सोडत होते. १९३०मध्ये अमेरिकेत लिंकन यांनी हेच गणित बदकांना लावलं. समजा ५० प्राण्यांवर खूण केली. पुढच्या खेपेस ४० पकडले, त्यांत खुणेचे १० निघाले. म्हणजे खुणेचे चौथा हिस्सा, तर एकूण २००च्या आसपास. वाघाला खूण करायची गरजच नाही, प्रत्येकाचे वेगळे पट्टे जन्मजात असतात. वन्यजीव शास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी १९९०च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात कॅमेरे लावून हे करून दाखवलं. कॅमेरे समोरासमोर जोडीने लावायचे, कारण डाव्या-उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात.

तरीही सरकारी गणनेत बदल झाला तो राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यामुळे. कागदावर डझनाहून जास्त वाघ होते. २००५मध्ये जंगलात एकही उरला नसल्याचं उघड झालं. मग २००६च्या गणनेत कॅमेरे आले आणि अंदाज निघाला १४११. त्याआधीचा ठशांवरचा आकडा ३६००च्या पुढे होता, म्हणून वाघ निम्म्याहून कमी झाले अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात मोजपट्टीच बदलली होती. दोन आकड्यांची वजाबाकी करण्यात अर्थ नव्हता.

चितळ-सांबरांसाठी ठरलेल्या रेषेवरून चालत प्राण्याचं अंतर नोंदवतात: लांबचे किती नजरेतून सुटले, ते त्यावरून कळतं. रानकुत्र्यांना पट्टे नाहीत, ठिपके नाहीत. तिथे विष्ठेतला डीएनए उपयोगी पडतो.

वाघाचे ठसे आजही टिपतात. फक्त आता त्यांना ‘किती’ विचारत नाहीत, ‘इथे आहे का’ एवढंच विचारतात.