पांढऱ्या कॅपमधला तडा कोण अडवतो?

‘पांढरी कॅप म्हणजे शेवटी काचच. दाढेला मेटलचीच बसव.’ रूट कॅनाल झालेल्या माणसाला हा सल्ला घरातल्या कुणाकडून तरी मिळतोच. चवथीचे लाडू आणि जत्रेतले खाजे यांच्यापुढे पांढऱ्या कॅपचा टिकाव लागायचा नाही, असा त्यामागचा विचार. धातूवर पोर्सिलेनचा थर चढवलेल्या कॅपांच्या काळात त्यात तथ्य होते, कारण त्या पोर्सिलेनचे टवके उडत. झिर्कोनिया या पांढऱ्या पदार्थाच्या कॅपला मात्र तो सल्ला लागू होत नाही. का होत नाही, यामागे पदार्थविज्ञानातली एक विलक्षण युक्ती आहे. मला ती फार आवडते.

आधी कॅपची गरज कशाला? रूट कॅनाल केलेली दाढ ‘मेली’ म्हणून ठिसूळ होते, असा समज आहे. खरे कारण सरळ आहे. कीड आणि उपचारासाठी पाडलेले भोक यामुळे दाढ आतून पोकळ झालेली असते. उरलेल्या भिंतींवर चावण्याचा जोर आला की त्या बाहेरच्या बाजूला ढकलल्या जातात आणि एक दिवस दाढ उभी चिरते. कॅप त्या भिंतींना चारी बाजूंनी आवळून धरते.

आता काचेकडे येऊ. काच फुटते ती तिच्या अणूंमधले बंध दुबळे असतात म्हणून नव्हे. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे तडे असतात आणि लावलेला सगळा ताण तड्याच्या टोकाशी एकवटतो. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली हे मांडले. धातूत अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे तड्याचे टोक बोथट होते. काच आणि पोर्सिलेनमध्ये ही घसरण होत नाही. टोक धारदार राहते आणि तडा आरपार धावतो.

झिर्कोनिया हेही पोर्सिलेनसारखे भाजून बनवलेले सिरॅमिकच. झिर्कोनियम धातूचे ऑक्साइड. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत झिरकॉन नावाचे खनिज सापडते, तशा खनिजापासून ते बनवतात. अणूंच्या मांडणीची तीन रूपे ते तापमानानुसार घेते. नेहमीच्या तापमानाला मोनोक्लिनिक, सुमारे ११७० अंश सेल्सिअसच्या वर टेट्रॅगोनल आणि सुमारे २३७० अंशांच्या वर क्युबिक. भट्टीतून काढलेले शुद्ध झिर्कोनिया थंड होताना टेट्रॅगोनलमधून मोनोक्लिनिकमध्ये जाते आणि त्या वेळी त्याचे आकारमान चार-पाच टक्क्यांनी वाढते. घट्ट, कडक पदार्थाला एवढी वाढ सोसत नाही, तो आपोआप तडकतो. म्हणून शुद्ध झिर्कोनियाची वस्तू घडवता येत नाही.

यावरचा उपाय यिट्रियाचा. यिट्रियम धातूचे हे ऑक्साइड सुमारे तीन मोल टक्के (रेणूंच्या संख्येच्या हिशेबाने शंभरात तीन) मिसळायचे आणि कण एक मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा, बारीक ठेवायचे. यिट्रियममुळे स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात, शेजारचे कण प्रत्येक कणाला दाबून धरतात, आणि टेट्रॅगोनल रूप थंड झाल्यावरही तसेच टिकते. कणाला मोनोक्लिनिक व्हायचे असते, पण फुगायला जागा नसते.

आता अशा कॅपमध्ये तडा शिरला असे समजा. तड्याच्या टोकाशी पदार्थ ताणला जातो, म्हणजे तिथल्या कणांवरचा दाब हटतो. ते कण तत्क्षणी मोनोक्लिनिक होतात आणि फुगतात. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत आवळून बसते, तसे हे फुगलेले कण तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर दाबतात. तडा पुढे न्यायचा तर आता आधीपेक्षा पुष्कळ अधिक जोर हवा. जी वाढ शुद्ध झिर्कोनियाचे तुकडे करत होती, तीच इथे तडा अडवते. गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९७५ साली ‘नेचर’मध्ये हे मांडले, तेव्हा लेखाचे शीर्षकच ‘सिरॅमिक पोलाद?’ असे होते. वाकवून तोडण्याच्या चाचणीत साधे पोर्सिलेन १०० मेगापास्कलच्या (ताण मोजण्याचे एकक) आसपास हार मानते, तर हे झिर्कोनिया साधारण १००० पर्यंत तग धरते.

इथे कॅप घेणाऱ्याला उपयोगी पडणारी एक खोच आहे. यिट्रिया वाढवून पाच मोल टक्के केले की क्युबिक रूपाचे प्रमाण वाढते. दागिन्यांतला ‘अमेरिकन डायमंड’ म्हणजे पूर्ण क्युबिक झिर्कोनिया, म्हणून तो पारदर्शक. अशा जास्त यिट्रियाच्या कॅपमधून प्रकाश आत झिरपतो आणि ती खऱ्या दातासारखी दिसते. पण क्युबिक कण तड्यापाशी रूप बदलत नाहीत. म्हणजे तडा अडवणारी युक्ती बरीचशी जाते आणि ताकद साधारण ५०० ते ८०० मेगापास्कलवर येते. हसताना दिसणाऱ्या दाताला हे चालेल, शेवटच्या दाढेला मी पहिलाच प्रकार घेईन. ‘झिर्कोनिया’ एवढाच शब्द ऐकून थांबू नये, कुठला ते विचारावे.

भाजणेही तितकेच महत्त्वाचे. खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून कॅप हव्या त्या मापापेक्षा पाचव्या हिश्शाहून अधिक मोठी कोरतात आणि १५०० अंशांच्या आसपास भाजतात, तेव्हा ती आकसून नेमक्या मापाची होते. खुब्याच्या सांध्यासाठी बनवलेले झिर्कोनियाचे गोळे २००१ च्या सुमारास शेकडोंनी फुटले होते. पदार्थ तोच होता, कारखान्यातली भट्टी बदलली होती.

कॅप कितीही चांगली असली, तरी ‘पंधरा वर्षांची वॉरंटी’ असे छापलेल्या कार्डाला भुलू नका. ते कार्ड कॅपचे असते, दाताचे नसते. कॅप न फुटताही दात जातो. कॅपची कड आणि दात यांच्या फटीत नवी कीड लागते, सिमेंट सुटते किंवा मूळ चिरते. यातले बरेचसे डॉक्टरच्या हातावर आणि आपल्या ब्रशवर ठरते.

गोव्यात डॉक्टर निवडताना गोवा राज्य दंत परिषदेची नोंदणी आहे ना, ते पाहावेच. कॅप आणि कवळीचे खास शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाला प्रोस्थोडॉन्टिस्ट म्हणतात. गुंतागुंतीच्या दाताला तोच बरा. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयातही हे काम होते, मात्र शिकण्याची जागा असल्याने हाताशी वेळ ठेवून जावे. पण माझ्या मते खरी पारख एका प्रश्नात होते: ‘हिरडीच्या वर माझा किती निरोगी दात उरणार?’ कॅपला पकडायला सभोवार साधारण दोन मिलिमीटर भक्कम दात लागतो. तो नसेल तर कॅप कितीही महाग असो, उपयोग थोडा. जो डॉक्टर एक्स-रे समोर धरून हे समजावतो आणि प्रसंगी ‘या दाताला कॅप नको’ असेही सांगतो, त्याच्याकडे जावे.

‘वरच्या दाढेला हात लावला की डोळे जातात’ ही भीती अजूनही लोकांना वेदना सोसत घरी बसवते. ती निराधार आहे. दाताची संवेदना त्रिशाखी चेतेच्या (चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या) शाखांतून जाते, दृष्टी स्वतंत्र दृक्-चेतेतून. वरची दाढ दुखते तेव्हा डोळ्याभोवती ठणकते, कारण चेहऱ्याच्या त्या भागाची संवेदनाही त्रिशाखी चेताच वाहते. एवढाच संबंध.

वेळेचे गणित आधी मांडावे. एका बैठकीत दात घासून माप घेतात आणि तात्पुरती कॅप बसवतात, पक्की कॅप पुढच्या बैठकीत. परदेशी जाण्याच्या किंवा चवथीच्या आदल्या दिवशी पक्की कॅप ठेवू नये, कारण चावा नीट बसतो की नाही हे दोन-चार जेवणांनंतरच कळते. कॅप उंच लागली तर परत जावे. ती तोंडात घासून कमी केली, तर घासलेला भाग रबराच्या चाकाने गुळगुळीत पॉलिश करून मागावा. झिर्कोनिया कडक असते. खरबरीत राहिली तर समोरचा दात झिजवते, आणि घासताना पडलेले ओरखडे हेच पुढच्या तड्यांचे आरंभबिंदू ठरतात.