काचेवरचे संत : चेहऱ्याच्या वादामागची पार्श्वभूमी

साताऱ्याच्या एका चित्रकाराने हयातभर संतच रंगवले, तेही बहुतेक काचेवर, मागच्या बाजूने; चित्र पाहायचे ते समोरून, काचेतून. त्यावरचा वारकऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो : तुकोबा तुकोबांसारखे दिसत नाहीत. पालखी लोणंद-फलटणच्या वाटेवर असताना विकल्या जाणाऱ्या तसबिरींशी ताडून पाहिले, तर ते खरेच आहे. प्रश्न एवढाच की त्या तसबिरींतला चेहरा आला कुठून.

काचेवर उलट बाजूने रंगवण्याची रीत 18व्या शतकात कँटनच्या व्यापारातून पश्चिम किनाऱ्यावर आली आणि वाड्यांत, देवघरांत रुजली. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणविसांच्या वाड्यातल्या भिंती चित्रांनी रंगल्या, तेही याच शतकात. संतांचे प्रसंग लोकांना कीर्तनातून आणि महिपतींच्या 1762 च्या ‘भक्तविजय’ या संतचरित्रांच्या ग्रंथातून ठाऊक होते. जाते दिसले की जनाबाई, चिखल तुडवणारे पाय दिसले की गोरोबा, चालती भिंत दिसली की ज्ञानोबा. नाकडोळ्यांवरून ओळख पटवायची गरजच नव्हती.

चेहरा ठरला तो फार पुढे. पुण्यात 1878 मध्ये आणि मुंबईत 1894 मध्ये निघालेल्या छापखान्यांनी रंगीत तसबिरी घरोघर पोचवल्या. त्यात छायाप्रकाश आला, गालांना गोलाई आली. या स्वस्त छापील चित्रांपुढे काचचित्रे मागे पडली. मग 1936 चा तुकोबांवरचा बोलपट गावोगाव गेला आणि त्यातल्या नटाची ठेवण कॅलेंडरांत उतरली. आज ‘खरे तुकोबा’ म्हणून जो चेहरा मनात असतो, तो मुख्यतः या साठेक वर्षांत घडला. चित्रकाराने तो नाकारला, यात अनादर शोधणे अन्यायाचे आहे.

शिवाय काच तो चेहरा घेतच नाही. इथे कामाचा क्रम उलटा : कॅनव्हासवर जे शेवटी येते, ते आधी. 3 मिमी जाडीची काच स्पिरिटने पुसायची. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर पुढे नेमका तिथलाच रंग पापुद्रा धरतो. रेखाटन काचेखाली पालथे ठेवायचे. ते विसरले तर विठोबाच्या डाव्या हातातला शंख उजव्या हातात जातो आणि खालचे नाव उलटे उमटते. आधी काळी रेघ, बुबुळ, टिळा, तुळशीचे मणी. ते खडखडीत वाळले की डोळ्यातला पांढरा, मग अंगाचा रंग, मग धोतर, आणि सगळ्यात शेवटी मागची निळी किंवा हिरवी भूमी. तैलरंग किंवा इनॅमल चालते. ॲक्रिलिक गुळगुळीत काचेवरून सालीसारखे निघते. घाईने ओल्या रेघेवर दुसरा रंग चढवला की रेघ पसरते. समोरून ते दिसते, पण मागून दुरुस्त करता येत नाही. तेवढा भाग खरवडून पुन्हा करावा लागतो.

गालावर छटा हवी असेल तर ती अंगाच्या रंगाआधी, नुसत्या अंदाजाने द्यावी लागते. जरा जास्त झाली की चेहरा मळका दिसतो. जुन्या काचचित्रांतले चेहरे सपाट, एकरंगी आणि डोळे टपोरे असतात ते यामुळे. त्याला हात कच्चा म्हणणाऱ्यांनी एकदा काच हातात घेऊन पाहावी.

या चित्रांना सर्रास ‘चित्रकथी’ही म्हटले जाते. ते चूक आहे. चित्रकथी म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची परंपरा; कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथी पोथ्या कागदावरच्या, आणि त्यांत मुख्यतः रामायण-महाभारत. चित्रकाराने तिथून एका बाजूने दिसणारा चेहरा आणि मोठा डोळा घेतला, एवढेच.

जुनी चित्रे घरात असतील तर फ्रेमचा पुठ्ठा रंगाला टेकू देऊ नये. मध्ये लाकडी पट्टीने थोडी पोकळी ठेवावी. साताऱ्याच्या पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर पुठ्ठा रंगाला चिकटतो आणि काढताना रंगासकट निघतो.